टॅक्सी गेल्या आणि वॉशर महागले

गॅरेजवाल्याच्या घरातली गाडी कधी धड नसते. आमच्याकडे तर बरीच वर्षं गाडीच नव्हती. कुर्ल्याला बाबा आणि काकांचं गॅरेज, दारात रांगेने फियाटी उभ्या, आणि आम्हाला आत्याकडे डोंबिवलीला जायचं तर लोकलला लटकून. आई कधी बोललीच तर बाबा म्हणायचे, "लोकांच्या आहेत तेवढ्या ढकलायला पुरेत, आपली आणखी कशाला?"

हा धंदा आमच्याकडे आला आजोबांमुळे. ते संगमेश्वराकडून मुंबईत आले आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये पत्र्याच्या कामाला लागले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी. आधी तिथे क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडत. मग फियाट आली. पहिल्यांदा ती गोलमटोल ११००, जिला अख्खी मुंबई डुक्कर फियाट म्हणते, नंतर डिलाइट, मग थोडे दिवस प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. अंगावरचे कपडे बदलत गेले, आतलं १०८९ सीसीचं इंजिन मात्र थोड्याफार फरकाने तेच. आजोबा स्वतः शेवटपर्यंत सायकलवर. कारखान्याच्या जागेवर आता टॉवर उभे आहेत, रस्त्याला मात्र लोक अजून प्रीमियर रोडच म्हणतात.

बाबा इंजिन-ब्रेक बघायचे, काका पत्रा. रंगाला पेंटरचाचा, जे आमचे नोकर नव्हते आणि भागीदारही नव्हते. शेजारचा गाळा त्यांचा, पण चहा आमच्याकडचा. आता गॅरेज माझा चुलत भाऊ चालवतो. मी बँकेत आहे. शनिवारी-रविवारी आणि वार्षिक रजेतले बरेचसे दिवस मी तिथेच असते, हे माझ्या सासरी आता कोणी विचारत नाही. गिऱ्हाइकं विचारतात. मी बॉनेटमध्ये वाकलेली असताना मागून आवाज येतो, "मॅडम, मेकॅनिक कुठे गेला?" दादा अशा वेळी मुद्दाम आत जाऊन बसतो.

तर आमची पहिली गाडी. चेंबूरच्या एका गिऱ्हाइकाचं इंजिनकामाचं बिल थकलेलं होतं. त्यांची बदली झाली आणि त्यांनी बिलापोटी गाडीच देऊन टाकली. १९७९ची पद्मिनी, बदामी रंग, एमएच यायच्या आधीचा नंबर. पुढची सीट अखंड, सोफ्यासारखी. त्यावर आई, मी आणि बाबा असे तिघे आरामात बसायचो. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मी गाडी शिकले ती याच गिअरवर, आणि म्हणून माझा आजही ठाम समज आहे की ज्याला दांड्याचा गिअर टाकता आला त्याला जगातली कुठलीही गाडी चालवता येते. गिअरच्या जोडण्यांचे बुश झिजले की दोन गिअरच्या मध्ये दांडा अडकायचा. मग खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं, हाताने लिव्हर सरळ करायचा, हात पुसायचे आणि पुढे जायचं. मागचे लोक हॉर्न वाजवायचे नाहीत, कारण त्यातल्या निम्म्यांच्या गाड्याही तशाच अडकायच्या.

गणपतीला गावी जाताना ही गाडी कशेडी घाटात हटकून बसायची. बिघाड काहीच नसायचा. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनला चिकटून असतो, कॅमशाफ्टच्या जोरावर आतला डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, वरखाली होतो आणि पेट्रोल ओढलं जातं. चढावर, खालच्या गिअरमध्ये, इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ओढत बसतो. उपाय मुंबईतल्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला माहीत होता: पंपावर ओलं फडकं. आमच्या गाडीत त्यासाठी आईच्या जुन्या साडीचे तुकडे आणि पाण्याचा कॅन कायम असायचा. महामार्गावर बॉनेट उघडलेल्या फियाटींची रांग दिसायची आणि प्रत्येकीच्या पंपावर वेगळ्या रंगाचं फडकं. गावी पोचायला उशीर झाला की आजी विचारायची, "फडका सुकला काय रे?"

बाबांचा एक क्रम होता. कोणतीही जुनी गाडी आली की आधी ती थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग दिसली पाहिजे. म्हणजे पहिल्यांदा ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. प्रत्येक चाकात व्हील सिलिंडर आणि त्यात रबरी वॉशर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईच्या हवेत ओलावा सोडून दुसरं काय आहे? बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीचा सिलिंडर उघडला की आत ऑइलऐवजी तपकिरी चिखल निघतो आणि सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे खड्डे. अशा वेळी नुसते वॉशर बदलून चालत नाही, सिलिंडरच नवा लागतो. ब्रेक झाले की इंजिन. रंग शेवटी.

हल्ली लोक बरोबर उलट करतात. गाडी घेतली की आधी रंग. चकचकीत फोटो, मित्रांची वाहवा, आणि मग कळतं की ब्रेकचा मास्टर सिलिंडर काढायचाय, त्यासाठी ज्या जागी हात घालायचा तिथला ताजा रंग खरवडला जाणार. आमच्याकडे अशा अर्ध्या गाड्या नियमित येतात, टेम्पोवर चढून. दादा त्यांना "नवरीमुली" म्हणतो. मला ते नाव आवडत नाही, पण बदली नाव सुचलेलं नाही.

रंगाचं गणित मुंबईत ऋतूवरही आहे. जुन्या गाड्यांना एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज पेंट मारायचे. त्यातला थिनर भराभर उडतो, उडताना पत्रा गार करतो, आणि हवा दमट असली की त्या गार पत्र्यावर ओलावा धरतो. रंगावर पांढुरकी झाक येते. त्यामुळे जून ते सप्टेंबर पेंटरचाचा रंगाला हात लावत नसत. त्या चार महिन्यांत ते गावी जात, नाहीतर आमच्या दारात बसून पॉलिश पेपर घासत. पावसाळा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा मोसम. आता पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग आले, बंदिस्त बूथ आले, ही अडचण बरीच कमी झाली. चाचांचा मुलगा वर्षभर रंग मारतो. तरी जुलैत गाडी रंगवून मागणारं गिऱ्हाईक आलं की तो एकदा आकाशाकडे बघतोच.

पत्र्याबद्दल काकांचं एक निरीक्षण सांगते, कारण ते मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही. त्यांच्या मते गाडी कुठे सडलीय त्यावरून ती कुठे राहायची ते कळतं. वरळी-वांद्र्याला समुद्रासमोर उभी राहणारी गाडी वरून सडते: छपराची पन्हळ, काचेच्या रबराखालचा पत्रा. आमच्या कुर्ला-सायनकडची खालून सडते, कारण दर पावसाळ्यात ती गुडघाभर पाण्यात उभी असते: फ्लोअर, दाराची खालची कड, बॅटरीखालचा ट्रे. दक्षिण मुंबईत बंद गॅरेजात ठेवलेल्या गाडीचा पत्रा ठणठणीत असतो, पण वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. विकायला आलेल्या गाडीचा मालक काहीही सांगो, काका आधी चटई उचलायचे. चटईखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर काळा रंग मारला असेल तर मूठ आपटली की आवाज बद्द येतो. पत्र्याचा आवाज वाजतो, लांबीचा बसतो.

मी नोकरीला लागल्यावर स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली गाडी म्हणजे मारुती ८००, सेकंडहँड, पांढरी, नवीन एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या, इंजिनची. बाबांना ती गाडीच वाटायची नाही. "यात दुरुस्त काय करायचं?" हा त्यांचा आक्षेप. मला मात्र सकाळी किल्ली फिरवली की चालू होते, याचंच अप्रूप होतं. चोक ओढायचा नाही, पॉइंट घासायचे नाहीत.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या गॅरेजात शिरली. माणसं सगळी सुखरूप होती, एवढंच त्या रात्री महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा गिऱ्हाइकांच्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या, माझी ८०० छपरापर्यंत चिखलात, आणि तिच्या शेजारी बदामी पद्मिनी.

बाबांनी पहिलं काय केलं तर सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या गोळा करून स्वतःच्या खिशात घातल्या. पाण्यात बुडलेलं इंजिन कोणी स्टार्टर मारला की संपतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्लग काढायचे, इंजिन हाताने फिरवायचं, प्लगच्या भोकांतून पाणी बाहेर. मग इंजिनचं ऑइल सोडायचं, जे चहासारखं दिसतं. गिअरबॉक्सचं, डिफरन्शियलचं तेही. पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर आम्ही स्टोव्हजवळ धरून सुकवला, कार्बोरेटर उघडून धुतला, टाकी उतरवून रिकामी केली, आणि ती आठवड्याभरात सुरू झाली. तिच्यात खराब होण्यासारखा मेंदूच नव्हता. माझ्या ८००च्या ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरात, चिखल होता, वायरिंगमध्येही. नवा ईसीयू, नवं वायरिंग आणि सीटा यांची बेरीज गाडीच्या किमतीपलीकडे गेली. ती भंगारात गेली. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात त्यांची चाल जरा ताठ होती.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत गॅरेजात श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की आमचा धंदा कोणाच्या जिवावर चाललाय. एवढ्या फियाटी एकदम उघडल्या, पण एकही सुट्या भागावाचून अडली नाही. कलिनाच्या सीएसटी रोडवर जा, जुनं हेड (इंजिनचा वरचा भाग), स्टार्टर, दार, डिकी, हवं ते मिळायचं. नवं हवं तर ऑपेरा हाउसकडच्या दुकानांत. व्हील सिलिंडरचा वॉशर तर नाक्यावरच्या दुकानातही असायचा. हे कशामुळे? शौकिनांमुळे? शौकीन तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे सगळं टॅक्सीमुळे. नव्वदच्या दशकात शहरात साठ हजारांच्या घरात काळ्या-पिवळ्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या पद्मिनी. टॅक्सीवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचं पोट उभं राहतं. म्हणून भाग स्वस्त हवा, जवळ हवा आणि आत्ता हवा. तो बनवणारे छोटे कारखाने, तो ठेवणारे दुकानदार आणि तो बसवणारी पोरं ही सगळी साखळी त्या टॅक्सीवाल्यांनी पोसली. रविवारी रॅलीत फेटा बांधून जुनी फियाट मिरवणाऱ्या माणसाची गाडी त्या साखळीवर फुकट बसलेली होती. माझीसुद्धा.

मग वयाची अट आली, आधी पंचवीस वर्षं, पुढे वीस. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली होती. म्हणजे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस तीही उतरली. पेपरांत खूप लिहून आलं, लोकांनी फोटो काढले, एक तरी गाडी संग्रहालयात ठेवा अशी मागणी झाली. मला त्या आठवड्यात दादाचा फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी. ऑपेरा हाउसच्या एका दुकानदाराने फियाटचा माल उचलणं बंद केलं होतं. "जे आहे ते घेऊन जा, पुन्हा मागवणार नाही."

आम्ही गेलो आणि टेम्पो भरून आणला. ब्रेकचे वॉशर, क्लच प्लेटी, वॉटर पंप, हेड गॅस्केट, सायलेन्सरचे पाइप. दादाची बायको म्हणाली, लोक सोनं साठवतात. आता तेच वॉशर ऑनलाइन "व्हिंटेज" असं लेबल लावून कितीतरी पटीने विकले जातात. मटण स्ट्रीटवर, चोर बाजारात, पद्मिनीचा ॲशट्रे आणि बॉनेटवरचं नाव दिवाणखान्यात मांडायची वस्तू झालीय. ज्याला ती गाडीला लावायचीय त्यालाही दिवाणखान्याचाच भाव.

टॅक्सीतून निघालेली इंजिनं मात्र अजून मिळतात, आणि ती घेताना एक बघावं लागतं. या टॅक्सी पुढे सीएनजीवर गेल्या होत्या. सीएनजी कोरडा जळतो; वॉल्व्ह आणि तो ज्यावर बसतो ती सीट यांच्यात पेट्रोलचा जो थोडा ओलावा असतो तो राहत नाही, आणि सीट हळूहळू खाल्ली जाते. वॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेटचा गॅप संपतो, कॉम्प्रेशन जातं. म्हणून टॅक्सीचं हेड घेताना वॉल्व्ह वरून पाहून उपयोग नाही, उतरवून सीट बघायची. कडक धातूच्या नव्या सीटा बसवून घेतल्या की हेड पुन्हा उभं राहतं. हे काम नीट करणारा एक लेथवाला कुर्ल्यात उरलाय. त्याचा पत्ता मी सांगणार नाही, त्याच्याकडे आधीच रांग आहे.

उलट दिशेने आलेली दुसरी डोकेदुखी म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल. वीस टक्के मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून जुन्या पंपांचे डायफ्राम आणि रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात, आणि इथेनॉल पाणी ओढत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. आम्ही आता दारात येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीच्या नळ्या व्हायटनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, लावतो आणि मालकाला सांगतो की गाडी महिनाभर उभी करायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, हवेला जागा देऊ नका. बहुतेक जण ऐकत नाहीत. पंप घेऊन परत येतात.

गॅरेजातली सध्याची शान म्हणजे एक डुक्कर फियाट. पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागरी मागे. गिरगावातल्या एका कुटुंबाची. आजोबांनी घेतली, नातवाला चालवायचीय. पत्रा जाड आणि प्रामाणिक, पण सांध्यांत कोणीतरी मधल्या काळात मुठी-मुठीने लांबी भरलेली. काका आता रोज येत नाहीत, गुडघे गेलेत, पण या गाडीसाठी आले. त्यांना शिशाचं काम येतं: सांधा तापवायचा, शिसं-कथील वितळवून भरायचं, लाकडी पट्टीने फिरवायचं आणि गार झालं की कानस. लांबीसारखं ते तडकत नाही, ओलावा धरत नाही. दादाने मोबाइलवर सगळं चित्रित केलं. काका वैतागले, "फोटो कसले काढतोस, कानस धर."

कागदपत्रांचा विषय निघाला तेव्हा नातवाने विचारलं, व्हिंटेज नोंदणी करू का? २०२१पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ती सोय आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार, आणि ज्याचा जुना नंबर आहे त्याला तो ठेवता येतो. पण मग ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. त्याला बायकोला घेऊन सकाळी चौपाटीवर जायचंय. तो नेहमीचीच नोंदणी चालू ठेवणार. पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या नूतनीकरणाची फी २०२२मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली होती, वर फिटनेस. मला त्याचा निर्णय पटला. आमच्या गॅरेजातून निघालेली गाडी काचेत बसावी असं मला वाटत नाही.

आणि माझी? माझी म्हणजे प्रीमियरचीच ११८ एनई. १९८५ला आली तेव्हा "आधुनिक" गाडी म्हणून गाजलेली: बॉडी इटलीच्या फियाट १२४ची, १९६६ची, आणि इंजिन निसानचं ए१२, ११७१ सीसी. रस्त्यात थांबून कोणी फोटो काढत नाही. फियाटवाल्यांना ती पुरेशी जुनी नाही, मारुतीवाल्यांना फार जुनी. टॅक्सीत ती कधी फारशी चालली नाही, म्हणून तिचे भागही कधी नाक्यावर आले नाहीत. आज पद्मिनीपेक्षा तिचा माल शोधणं कठीण आहे. इंजिनचे भाग निसानचे असल्याने परदेशातून मागवता येतात, बॉडीचे अजिबात नाहीत. माझी गर्द निळी आहे, म्हणजे होणार आहे. सध्या करड्या प्रायमरमध्ये. बाबांच्या क्रमाने ब्रेक झाले, इंजिन झालं, गिअरबॉक्सही झाला. पद्मिनीच्या डोक्याने विचार करणाऱ्या बाबांना जमिनीवरचा गिअर आवडतो असं मी त्यांच्या तोंडून गेल्या महिन्यात वदवून घेतलं. नंतर ते म्हणाले, सीट फार खाली आहे.

आता अडलंय ते मागच्या डाव्या टेललाइटवर. काच फुटलेली आहे आणि आतला पांढरा घटक, रिव्हर्स लाइटचा, गायब. सीएसटी रोड झाला, ऑपेरा हाउस झालं, पुण्यातले दोघे झाले. उजवीकडच्या मिळतात, डावीकडची नाही. रिक्षा त्याच बाजूने घासतात, दुसरं कारण मला दिसत नाही. कोणाच्या माळ्यावर, पोटमाळ्यावर, बंद पडलेल्या गॅरेजात डावी टेललाइट पडली असेल तर कळवा. तडा असला तरी चालेल. दादा योग्य पैसे देतो, आणि हवी असेल तर बदल्यात पद्मिनीची क्लच प्लेट.